खंडेनवमीला पुजलेले कॅलिपर

मुलांनो, जरा असं समजा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि एका मोठ्या, जुन्या मोटारीत ड्रायव्हरच्या सीटवर बसला आहात. पाय पुरत नाहीत म्हणून पाठीमागं दोन उशा लावल्या आहेत. घाबरू नका, गाडी हलणार नाही. तिची मागची दोन्ही चाकं काढलेली आहेत आणि मागचं सगळं धूड लोखंडी स्टँडवर उभं आहे. तुमचं काम अगदी सोपं. मागून 'दाब' असा आवाज आला की ब्रेकचं पेडल दाबायचं. 'धर' म्हटलं की दाबून धरायचं. 'सोड' म्हटलं की सोडायचं.

आता दाबा. चांगल्या ब्रेकचं पेडल थोडं खाली जातं आणि दगडावर पाय पडल्यासारखं थांबतं. हे थांबत नाही. ओल्या गवताच्या भाऱ्यावर पाय द्यावा तसं ते खाली खाली जातं. पुन्हा दाबा. पुन्हा तसंच. दीड तास तुम्ही हेच करताय. पोटरी दुखायला लागली आहे. आणि ज्या गाडीचं हे पेडल आहे, ती गाडी घेऊन आज दुपारी तुमची आई आंबोलीचा घाट उतरणार आहे.

बसलात? मग ऐका. त्या सीटवर खरोखर बसली होती ती केतकी तेऊरवाडकर. आणि मागच्या चाकाच्या जागी, गोणपाटावर आडवा पडून 'दाब, धर, सोड' म्हणणारा माणूस म्हणजे मी.

वीस वर्षं होत आली त्याला. आजऱ्यात गडहिंग्लज रस्त्याला माझं गॅरेज होतं. सगळे मला अण्णा म्हणायचे. केतकीची आई उज्ज्वला आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. नवऱ्याची पाठ धरल्यापासून त्याच्याऐवजी ती भाड्याच्या गाडीवर बसायला लागली होती, आणि त्याच्यापेक्षा बरी चालवायची. हे तो स्वतःच सांगायचा. त्या पावसाळ्यात तिनं बेळगावच्या एका व्यापाऱ्याकडून ही परदेशी बनावटीची जुनी गाडी घेतली. सोफ्यासारख्या सीटा, पलंगाएवढी डिकी. दोन वर्षं ती एका शेडमध्ये नुसती उभी होती. तिला हात लावायला मिस्त्री मिळत नव्हता, म्हणून तर ती उज्ज्वलाला परवडली.

आणि लगेच कामही चालून आलं. सावंतवाडीच्या एका ट्रॅव्हलवाल्यानं दसऱ्यापासून आठ दिवसांची पार्टी दिली. मुंबईचं कुटुंब, दुपारी चारच्या रेल्वेनं कुडाळला उतरणार, तिथून गोवा, मालवण सगळं फिरवायचं. हे काम नीट झालं तर पुढचा सगळा हंगाम तुमच्या गाडीला, असं तो म्हणाला होता. गाडी जुनी आहे म्हणून आधी तो कुरकुरला होता. उज्ज्वलानं त्याला शब्द दिला होता, की चार म्हणजे चार.

फक्त एक काम बाकी होतं. मागचे ब्रेक.

आमच्याकडं तेव्हा येणाऱ्या गाड्यांना मागं ड्रमचे, बंद डब्यासारखे ब्रेक असायचे. या गाडीला मागंही डिस्क होत्या. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी, आणि त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा एक जबडा. त्या जबड्याला कॅलिपर म्हणतात. पेडल दाबलं की ब्रेकचं तेल नळीतून कॅलिपरमध्ये जातं, आतले दोन दट्टे पुढं सरकतात, आणि थाळी आवळली जाते. गाडी दोन वर्षं उभी राहिल्यामुळं हे दट्टे गंजून अडकले होते. पाय सोडला तरी जबडा सुटायचा नाही. दोन मैल गाडी चालवली की मागच्या चाकांना हात लावता यायचा नाही, इतकी ती तापायची. दोन्ही कॅलिपर काढायचे, उघडायचे, साफ करायचे, आतली रबरं बदलायची आणि पुन्हा बसवायचे. एवढंच काम.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही ते काढायला घेतले. आम्ही म्हणजे मी आणि माझा जोडीदार रज्जाक. केतकीला शाळेची सुट्टी होती, म्हणून ती आमच्यात येऊन उकिडवी बसली. मला मुलं आजूबाजूला असलेली आवडतात. ती विचारतात आणि सांगता सांगता आपल्यालाच कळत जातं. मी तिला दाखवत होतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, उचलल्यावर नाही. पुढच्या चाकांना दगड लावायचे. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही. आधी पिना ठोकून थाळीला घासणारे ब्रेकचे पॅड बाहेर काढायचे, मग कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट. सुटलेला कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं वर बांधायचा. नळी म्हणजे त्याची रक्तवाहिनी.

बोल्ट काही सुटेनात. तेल सोडून तासभर वाट पाहिली, बत्तीनं तापवले, पान्याला हातभर पाइप लावून दोघांनी जोर केला. रज्जाक घामाघूम होऊन म्हणाला, की अण्णा, ह्याला म्हणावं तुझं लगीन ठरलंय, लाजून तरी सुटंल. केतकी खूप हसली. चौथा बोल्ट सुटला तेव्हा साडेअकरा झाले होते.

दुपारी दोन्ही कॅलिपर उघडले. दट्टे घासून चकचकीत केले, रबरं घातली, बाहेरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला. पुन्हा जोडून झाल्यावर मी पांढऱ्या खडूनं एकावर 'डा' लिहिलं आणि दुसऱ्यावर 'उ'. डावा, उजवा. दिसायला ते दोन भाऊ अगदी सारखे होते. केतकीनं विचारलं नाही आणि मीही ते का लिहिलं हे सांगितलं नाही. दिवसभर एवढं सांगितलं, नेमकं तेवढं राहिलं. मग मी हात धुऊन जेवायला गेलो.

आता आमच्या गॅरेजची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. संध्याकाळी सगळे पाने, हातोड्या, जॅक, बत्ती, सगळं धुऊनपुसून फळीवर पांढऱ्या कापडावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. राजाची गाडी बंद पडली तरी नाही. ही रीत सगळ्यात कडक पाळायचा तो रज्जाक. झेंडूची माळ कुठल्या पान्यापासून कुठल्या पान्यापर्यंत जाते यावरून तो माझ्याशी भांडायचा.

त्या वर्षी हत्यारं धुवायचं काम केतकीनं मागून घेतलं. मी जेवून येईपर्यंत तिनं घासलेटानं, मग साबणाच्या पाण्यानं सगळं धुतलं होतं. पान्यांवरचे आकडे वाचता येत होते, जे मी दहा वर्षांत वाचले नव्हते. रज्जाकनं ट्रेमधलं सगळं धू असं सांगितलं होतं, आणि ट्रेमध्ये ते दोन कॅलिपरही होते, म्हणून तिनं तेही बाहेरून पुसले होते. फळीच्या मधोमध ते दोघे बसले होते, देवासारखे, प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट आणि एक फूल. रज्जाक म्हणाला, उद्या गाडीवर बसायचेत, त्यांनाही आशीर्वाद पाहिजे.

मी खूश झालो. शेजारचे दुकानदार, उज्ज्वला, तिचा नवरा, जो कुणी प्रसादाला आला त्याला मी सांगत होतो, की आजवर या गॅरेजात अशी हत्यारं कुणी धुतली नाहीत, केतकीनं धुतली आहेत. ती एका कोपऱ्यात उभी होती. मला वाटलं, लाजते आहे.

दसऱ्याला सकाळी आठला उत्तरपूजा केली आणि कामाला लागलो. रज्जाक आदल्या रात्रीच सासुरवाडीला गेला होता. पण बसवायचंच तर काम होतं. मी फळीवरून कॅलिपर उचलले. हळदीचे डाग पुसले. 'डा' डाव्या बाजूला, 'उ' उजव्या बाजूला. बोल्ट कसले. नळ्या जोडल्या. डावीकडची नळी बसताना जरा पीळ खात होती. रबर जुनं आहे, ताठर झालंय, असं मी मनाशी म्हटलं.

मग हवा काढायची. कॅलिपर सुटा केला की तेलाच्या वाटेत हवा शिरते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. आत हवा असली की पाय खाली जातो आणि चाक तसंच फिरत राहतं. म्हणून कॅलिपरवर एक छोटं, पोकळ निपल असतं; त्याला रबरी नळी लावून ती बाटलीत सोडायची. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडायचं, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात, मग निपल बंद. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. रज्जाक नव्हता, म्हणून मी केतकीला हाक मारली. ती घरात नव्हती. गॅरेजच्या दारातच उभी होती. सकाळपासून.

दाब. धर. सोड.

पहिल्या चार-पाच वेळा थोडे बुडबुडे आले. मग बाटलीत नुसतं तेल, स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. मी विचारलं, लागतंय का कडक? ती म्हणाली, नाही. पुन्हा केलं. दुसऱ्या बाजूला गेलो. पुन्हा या बाजूला आलो. तेलाचा एक डबा संपला, दुसरा फोडला. हवा बाहेर येत नव्हती आणि पेडल मऊ होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे मला कळेना. मी सांधे तपासले. कुठं गळत नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं.

"अण्णा," सीटवरून आवाज आला, "दोन्ही कॅलिपर सारखेच असतात ना?"

"सारखेच. डावा-उजवा एवढाच फरक."

"मग डावा उजवीकडं बसला तर चालतं?"

"बसेल कसा? मी लिहून ठेवतो ते कशासाठी? दाब."

तिनं दाबलं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, की आई आज न जाता उद्या गेली तर. मी म्हटलं, उद्या रेल्वे उद्याची माणसं आणते. मग तिनं विचारलं, घाट किती लांब आहे. मग, वळणं किती. मी इतका वैतागलो होतो, की मोजली नाहीत म्हणून सांगितलं. एरवी मी वळणासकट सांगितलं असतं. तिचा आवाज कसा येत होता याकडं माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष बाटलीकडं होतं.

अकरा वाजता उज्ज्वला आली. नवी साडी, हातात डबा, पिशवी, गाडीसाठी झेंडूचा हार. एकदा आत डोकावून गेली. सव्वाअकराला पुन्हा आली. साडेअकराला येऊन उभीच राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर. साडेबाराला निघालं तरच चारला कुडाळ, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. ती हाराचा दोरा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

मी पेडलवर स्वतः बसून पाहिलं. पहिल्यांदा पाय खाली गेला. लगेच दुसऱ्यांदा मारला, तर निम्म्यावर येऊन कडक झाला.  मग मला एक कारण सुचलं आणि मी ते घट्ट धरलं. म्हटलं, वरचा मुख्य पंप थकला असणार. दोन वर्षं उभी गाडी. त्याची रबरं आज सणाच्या दिवशी कुठं मिळणार नाहीत.

"म्हणजे जायचं नाही?" उज्ज्वलानं विचारलं.

मी तिला सांगितलं, की दुसऱ्या वेळी धरतोय. पुढचे ब्रेक तर चांगलेच आहेत. हँडब्रेकची व्यवस्था वेगळी आहे, तोही ठीक आहे. घाटात दुसऱ्या गिअरवर उतर, पेडल नेहमी दोनदा मार, पुढच्या गाडीपासून लांब राहा.

मुलांनो, हे मी सांगितलं. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसानं सांगितलं. आतून मला ते पटत नव्हतं. पण चारची रेल्वे होती, तिनं शब्द दिला होता, आणि मला कारण सापडत नाही हे तिच्यासमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती.

चाकं लावली. गाडी खाली उतरवली. उज्ज्वलानं पुढं हार बांधला, पिशवी मागं टाकली आणि ड्रायव्हरचं दार उघडलं. केतकी अजून सीटवरच होती.

"उतर," उज्ज्वला म्हणाली.

केतकी उतरली नाही. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसली.

"काय गं? पार्टीला तू नेणार आहेस का? उतर, उशीर होतोय."

ती समोरच्या काचेकडं बघत होती. उज्ज्वलानं तिच्या दंडाला धरलं. तेव्हा ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली,

"अण्णा, ती अक्षरं माझी आहेत."

मला काहीच कळलं नाही. कुठली अक्षरं, म्हणून मी विचारलं.

मग ते तुटक तुटक बाहेर आलं. काल हत्यारं धुताना तिनं कॅलिपर ओल्या फडक्यानं पुसले. पुसून झाल्यावर फडक्याला पांढरं दिसलं आणि तिला आठवलं, की अण्णांनी काहीतरी लिहिलं होतं. काय लिहिलं होतं तेही आठवलं. पण कशावर काय, ते आठवेना. तिनं खूप वेळ दोन्हींकडं पाहिलं. दोन्ही सारखेच होते. मग खिडकीतला खडू घेऊन तिनं पुन्हा लिहिलं. माझ्यासारखंच 'उ' काढलं, खाली शेपूट लांबवून. दोनच तर होते, तिला वाटलं, बरोबरच असेल.

"आणि कालपासून तू गप्प?" उज्ज्वलाचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"अण्णा सगळ्यांना सांगत होते, केतकीनं धुतलं, केतकीनं धुतलं." ती रडत नव्हती. "मग मला सांगता येईना."

"मी घाटात गेले असते तरी नसतं सांगितलं?"

"म्हणून तर उतरत नव्हते."

उज्ज्वलाचा हात वर गेला होता. तो तिनं गाडीच्या टपावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

मी खाली वाकलो. चाकाच्या मागून हात घालून निपल चाचपलं. गेल्या तीन तासांत मी ते निपल पन्नास वेळा उघडलं होतं. प्रत्येक वेळी माझा हात खालून जात होता. खालून. निपल कॅलिपरच्या तळाशी होतं.

तुम्ही एक बाटली अर्धी पाण्यानं भरा आणि आडवी धरा. हवा कुठं असते? वर. खालच्या बाजूला भोक पाडलं तर काय बाहेर येईल? पाणी. हवा तिथंच, वर, आरामात. हेच चाललं होतं. योग्य बाजूला बसवला की कॅलिपरचं निपल सगळ्यात वर येतं, म्हणून तर ते तिथं ठेवलेलं असतं. डावा उजवीकडं गेला की सगळं उलटं. आतली हवा दिवसभर पेडल मारलं तरी निघाली नसती. आणि आंबोलीच्या उतारावर, एखाद्या वळणाला, उज्ज्वलाला दोनदा पाय मारायला वेळ मिळाला असता की नाही, ते मला त्या क्षणी मोजायचं नव्हतं. केतकीनं अक्षरं चुकीची लिहिली होती. पण हवा वर जाते हे सांगायला अक्षरं लागत नाहीत. ते मला पहिल्या दहा मिनिटांत दिसायला हवं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, खडूवर विसंबलो होतो.

मी एवढंच म्हटलं, "केतकी, आता उतर. दगड लाव पुढच्या चाकांना."

चाकं पुन्हा निघाली. बोल्ट सुटले, या वेळी सहज. मी डावा उजवीकडं नेला, उजवा डावीकडं. नळी बिनपिळाची बसली. केतकीला पुन्हा सीटवर बसवलं. दाब, धर. बाटलीत बुडबुड्यांचा नुसता गोंधळ उठला, उकळत्या चहासारखा. दोन्ही बाजू झाल्या.

"दाब."

"अण्णा, जात नाही खाली."

"जोरात दाब."

"दोन्ही पायांनी दाबतेय. नाही जात."

चाकं लावून मी आणि उज्ज्वला रस्त्यावर एक फेरी मारून आलो. आजऱ्यातल्याच गांधीनगरच्या उतारावर तिनं गाडी वेगात सोडून एकदाच पाय मारला. माझं कपाळ काचेला लागता लागता राहिलं. ती पहिल्यांदा हसली. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

परत येऊन तिनं गॅरेजच्या पायरीवर उभं राहून मोबाइलवरून ट्रॅव्हलवाल्याला फोन लावला. मी ऐकत होतो, केतकीही ऐकत होती. उज्ज्वला म्हणाली, की गाडीचं थोडं काम निघालं, साडेपाच वाजतील. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत होता, की आम्हालाही ऐकू येत होतं. त्याला वाटलंच होतं म्हणे. जुनी गाडी म्हणजे हेच, आज इथं थांबणार, उद्या तिथं. बाईंच्या भरवशावर राहून आपली शोभा झाली. पार्टीला तो आता दुसरी गाडी बघतो. उज्ज्वलानं दोनदा काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. मग फोन बंद झाला.

ती पायरीवर बसली. फोन शेजारी ठेवला. नव्या साडीवर काळं लागेल असं मी म्हणणार होतो, म्हटलं नाही.  ती गाडीकडं बघत होती. हारातल्या दोन पाकळ्या बॉनेटवर पडल्या होत्या.

मला वाटलं, मी फोन करावा. गॅरेजवाला म्हणून सांगावं, की चूक माझी. मी हात पुसत होतो, फडकं तेलकट होतं, दुसरं शोधत होतो. शब्दही जुळवत होतो. मोठ्या माणसांना शब्द जुळवायला फार वेळ लागतो.

तेवढ्यात केतकी गाडीच्या पलीकडून आली. आईच्या शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली. पायरीवरचा फोन तिनं उचलला. उज्ज्वलानं मान वर केली, पण अडवलं नाही. केतकीनं हिरवं बटण दोनदा दाबलं, तोच नंबर पुन्हा लागला, आणि तिनं फोन कानाला लावला. दुसऱ्या हातानं तिनं फ्रॉकचा घेर मुठीत धरला होता.

"हॅलो. मी केतकी तेऊरवाडकर बोलते. उज्ज्वला तेऊरवाडकरांची मुलगी."

ती थांबली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"दहा वर्षांची," ती म्हणाली. "पण आधी माझं ऐका, मग आईशी बोला. गाडी जुनी म्हणून उशीर झालेला नाही. काल मी फडक्यानं कॅलिपर पुसले, तिथून सांगते."

आणि ती सांगू लागली. काहीही न वगळता, अगदी सावकाश, समोरच्याला कॅलिपर म्हणजे काय ते ठाऊक नसेल असं धरून.